पेढीकाठी पळणारी पोट्टी

आमच्या गावात विनाकारण कोणी पळत नसे. बैल दावं तोडून निघाला, कुटाराच्या ढिगाला आग लागली किंवा कोणाच्या घरचं माणूस गेलं, तरच माणसं पळत. एरवी एसटी समोर उभी दिसत असली तरी चालतच जात, आणि ती निघून गेली की दुसरी येईपर्यंत निंबाखाली बसत. बसणं आम्हाला छान जमायचं. अशा गावात मला पळायची आवड लागली, याला मी तरी काय करू? ती का लागली हे मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आता दोन्ही गुडघे बदलून घेतल्यावरही येत नाही. शाळा भातकुलीला होती. पेढी नदीच्या काठाकाठाने पायवाट जायची. त्या वाटेवर एकदा पाय उचलले की ते थांबायचं नाव घेत नसत, एवढंच मला ठाऊक आहे.

घरात आम्ही चौघं. बाबा, माय, मी आणि आत्या. आत्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी आली ती परत गेलीच नाही. नवऱ्याचं घोरणं हे कारण ती सांगायची आणि त्यावर अधिक चर्चा होऊ द्यायची नाही. आम्ही माळी. नदीच्या काठाला आमची काळ्या जमिनीची चिंचोळी पट्टी होती, तिला सगळे वाडी म्हणत. तिच्यात वांगी, मिरच्या, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, व्हायचा. बाबा पहाटे वाडीत जायचे ते अंधार पडताना परत यायचे, आणि मधल्या वेळात जे बोलायचं ते वांग्यांशी बोलत असावेत, कारण घरी आणायला त्यांच्याकडे काही उरलेलं नसे. आमच्या भागातल्या विहिरींचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो आणि पाहुणे दुसऱ्या दिवशी निघतात. वरणासाठी माय गोडं पाणी वेगळ्या हंड्यात भरून ठेवायची आणि त्याला कोणी हात लावला तर घरात भांडी वाजायची. सकाळी जाग यायची ती त्या भांड्यांनी, आणि नदीपलीकडे आत्मारामकाकांच्या इंजिनाच्या फटफट आवाजाने. आत्मारामकाका पलीकडच्या काठावरचे शेतकरी. त्यांचं इंजिन नदीचं पाणी उचलायचं आणि गावाला वेळही सांगायचं.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी, शाळेला सुट्टी असताना, मी पहिल्यांदा नुसती पळायला म्हणून पळाले. दप्तर नाही, निरोप नाही, काही नाही. वाट दवाने ओली होती आणि कपाशीची बोंडं फुटायला लागली होती. मी शाळेच्या वाटेवरच्या मोठ्या बाभळीपर्यंत जाऊन परत फिरले, तर समोरून आत्मारामकाका धोतर खोचून पळत येताना दिसले. त्यांनी मला पलीकडून पाहिलं होतं आणि ते नदी ओलांडून आले होते. त्यांच्या मागे आणखी माणसं होती. एकाकडे दोर होता. कोणीतरी बुडालं असणार, असा त्यांचा अंदाज. दुसऱ्या दोघांनी बाज उचलून आणली होती, कारण अनुभवी माणसांना दोराचा भरवसा नव्हता. मागून बायका येत होत्या आणि त्यांच्यातल्या एकीने, नेमकं कोण गेलं हे कळायच्या आत, रडायला सुरुवातही केली होती. सगळ्यात शेवटी बाबा आले. तोवर मी उभी होते.

“कोन गेलं?” आत्मारामकाकांनी विचारलं.

“कोनी नाई.”

“मंग पळून कावून राह्यली?”

“असंच,” मी म्हणाले.

याहून वाईट उत्तर मला देता आलं नसतं. कोणी खरंच बुडालं असतं तर गावाने मला जवळ घेतलं असतं. रडणारी बाई मध्येच थांबली आणि माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मी तिचं काहीतरी घेतलं होतं. बाज रिकामी परत न्यायची तर तेही अशुभ, म्हणून त्या दोघांनी तिच्यावर वाटेतला कडबा टाकून नेला.

संध्याकाळी घरात न्यायनिवाडा झाला. बाबा भाकर खात म्हणाले, “पळाचं नाई. लोकाइची कामं खोळंबतेत.” मुद्दा खरा होता. त्या दिवशी अर्ध्या गावाचा कापूस वेचायचा राहिला होता. मायने हंड्यावरचं झाकण जोरात बसवलं. मी भिंतीकडे तोंड करून झोपले आणि बराच वेळ रडले. पळायला मिळणार नाही म्हणजे नेमकं काय मिळणार नाही, हे मला कोणाला समजावून सांगता येत नव्हतं आणि त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. आत्या बाजूला अंथरुणावर होती. ती म्हणाली, “अवं, रिकाम्या हातानं पळाली म्हनून झालं हे. हातात कायतरी धर. मानसाच्या हातात काई असलं का कोनी पुसत नाई.” मग उठून ती बाबांकडे गेली आणि म्हणाली की न्याहारी रोज थंड होऊन पोचते, उद्यापासून पोट्टी गरम गरम आणून देईल. बाबांना हे पळण्याबद्दल आहे हे समजलं नसेल असं नाही. पण गरम भाकरीला नाही कोण म्हणतं?

अशा रीतीने मी पितळेचा डबा घेऊन पळायला लागले. शाळेच्या आधी वाडीत जायचं आणि तिथून घरी परत. गावाने मान्य केलं. पोट्टी डबा घेऊन चालली आहे, घाई आहे, ठीक आहे. अडचण डब्याच्या आत होती. पहिल्या दिवशी वरण भाकरीत गेलं आणि भाकर भाजीत गेली. बाबांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, खाल्लं आणि रात्री मायला म्हणाले, “पातळ काई देऊ नको.” त्यानंतर आमच्या घरात न्याहारीला कोरडा झुणका, भरीत, ठेचा आणि कांदा हेच राहिलं. इतक्या कष्टाने गोड्या पाण्यात शिजवलेलं वरण बाबांना फक्त रात्री मिळायचं. वरण हा त्यांचा एकुलता एक शौक. तक्रार त्यांनी केली नाही. डबा मी उजव्या हातात छातीशी धरून पळायचे, म्हणून माझा उजवा हात हलत नसे, नुसता डावाच मागेपुढे व्हायचा. अजूनही घाईत चालले की डावा हातच हलतो. अकोल्यात सकाळी फिरायला जाते तेव्हा मोर्णेच्या पुलावर लोक वळून पाहतात. त्यांना वाटत असेल झटका येऊन गेला.

एक गोष्ट मात्र मी पाळायचे. वाडीचं काट्यांचं कुंपण दिसलं की मी पळणं थांबवून चालायला लागायचे. बापासमोर मुलीने धावत जाणं शोभलं नसतं, आणि त्यांनी मना केलेलं मला आठवत होतं. त्यामुळे बाबांना रोज दिसायची ती खाली मान घालून, हळू चालत येणारी, घामाने भिजलेली मुलगी. ते डबा घ्यायचे आणि कधी कधी “थंडी हाय” किंवा “ऊन हाय” असं म्हणायचे.

थंडी असायचीच. पौषात नदीवर धुकं बसायचं आणि पलीकडचं इंजिन नुसतं ऐकू यायचं. वाट हरभऱ्याच्या शेताला लागून जायची. हरभऱ्याच्या पानांवर पहाटे जे दव पडतं ते आंबट असतं. पायाला भेगा असल्या की त्या आंबेची अशी चुणचुण होते की पळण्याशिवाय इलाज नसतो. माझा वेग वाढला तो बहुतेक त्या हरभऱ्यामुळे. उन्हाळ्यात नदी आटून तिचे डोह राहायचे. बाबा वाळूत टरबुजाचे वेल लावायचे, आणि काळी जमीन उकलून भेगा एवढ्या मोठ्या पडायच्या की आत्याची चप्पल एकदा एकीत गेली ती पावसाळ्यानंतरही सापडली नाही. तेव्हा मी काठ सोडून वाळूतून पळायचे. वाळूत पाय रुततात, पोटऱ्या भरून येतात, पण टिटव्यांखेरीज बघायला कोणी नसतं. पावसाळ्यात मात्र हाल. आमची माती एकदा भिजली की पाय धरते आणि सोडत नाही. चार पावलं टाकली की तळव्याला चिखलाचा थर, आणखी चार टाकली की त्याच्यावर दुसरा, आणि बाभळीपर्यंत पोचेतो मी हातभर उंच झालेली असायचे. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवताने पाय पुसायचे आणि पुन्हा पळायचं. हल्ली अमरावतीत मुलं पायाला वजनं बांधून धावतात, त्याला पैसे पडतात म्हणे. आम्हाला ते जमीनच पुरवायची.

वर्ष होत आलं तोवर गाव माझ्या पळण्याला इतकं सरावलं की डबा नसला तरी कोणी वळून पाहीना. आत्मारामकाका पलीकडून हात हलवायचे. निंदणाऱ्या बायका मान वर न करता म्हणायच्या, “गेली पाह्य पोट्टी.” आणि त्याच सुमारास शाळेत कवायतीचे नवे सर आले, साताऱ्याकडचे. त्यांनी मला मैदानावर एकदा पळताना पाहिलं आणि त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले. दिवाळीआधी अकोल्याला मोठ्या स्पर्धा होत्या. तिथे पहिल्या तिघींत येणाऱ्या मुली पुढे जाणार होत्या. अकोल्यात जुन्या शहरात माझा मामा राहायचा, त्यामुळे उतरायचाही प्रश्न नव्हता. मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि मला आयुष्यात त्याआधी काही इतकं हवं झालेलं नव्हतं.

“तुमच्या मुलीच्या पायांत गुण आहे,” सर म्हणाले.

“दोनी पायात, का एकाच?” बाबांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते.

“दोन्ही पायांत.”

बाबांनी विचार केला. “पळ्यासाठी अकोल्याले कायले जा लागते, सर? नदी इथं हाय.”

 सर चहा पिऊन गेले. चहा खाऱ्या पाण्याचा होता, बहुधा मायने मुद्दाम तसा केला. ती सरांच्या विरुद्ध नव्हती. पण हंडा वाचवणं तिला आधी सुचायचं. त्यानंतर सर दोनदा आले आणि दोनदा चहा पिऊन गेले. बाबांचं नाही हलत नव्हतं, आणि मी विचारायचं धाडस करत नव्हते.

मग पावसाने उघडीप दिली तेव्हाची ती सकाळ. मी डबा घेऊन वाडीत पोचले, नेहमीप्रमाणे कुंपणापासून चालत. बाबा वांग्यांमध्ये नव्हते. ते निंबाखाली बसले होते आणि डाव्या पायाची पोटरी दोन्ही हातांनी धरली होती. “पान लागलं,” ते म्हणाले. आमच्याकडे अशा वेळी सापाचं नाव घेत नाहीत. मी डबा टाकला. त्यांनी सांगितलं तशी ओढणी फाडून गुडघ्याखाली बांधली. त्यांच्या ओठांवर घाम होता आणि ते नेहमीपेक्षाही हळू बोलत होते. “आत्मारामले सांग. फटफटी हाय त्याच्यापाशी.”

मी पळाले. त्या दिवशी कुंपणापासूनच पळाले, बापासमोर, त्यांनी बघितलं तरी चालेल असं म्हणून. धुऱ्यावरून काठावर चढले आणि काठाकाठाने वर, बाभळीच्या वळणापलीकडे. तिथे समोरच्या काठावर काकांचं इंजिन होतं. मध्ये नदी, पावसाळ्याची, छातीएवढी, आणि मला पोहता येत नव्हतं. अलीकडच्या शेतात दूर बायका निंदत होत्या. मी ओरडले. त्यांनी खुरपं धरलेले हात वर केले आणि त्यातली एक, मला वाटतं, “शाब्बास” म्हणाली. मी काठावरून पुढे पळत ओरडत राहिले, “काका! बाबाले पान लागलं!” इंजिन फटफट करत होतं. आत्मारामकाकांनी मला पाहिलं, हसले, आणि रोजच्यासारखा हात हलवून पाटाच्या पाण्याकडे वळले. मी तिथल्या तिथे मागे पळाले, पुन्हा पुढे पळाले. त्यांनी पुन्हा हात हलवला. आता ही रोजचीच गोष्ट होती. पोट्टी पळून राह्यली.

माझा दम संपला. ओरडायलाही आवाज राहिला नाही. मी त्यांच्यासमोर काठावर थांबले आणि हात खाली सोडून नुसती उभी राहिले. मला वाटलं, संपलं, बाबा गेले. मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही, पण फार नसावा. काकांनी वळून पाहिलं. ते मग सरळ इंजिनापाशी गेले आणि त्यांनी ते बंद केलं. नदीवर एकदम शांत झालं. पुढे कित्येक वर्षं ते हे सांगायचे: “पोट्टी उभी दिसली, तवाच समजलं का कायतरी झालं.”

“कोनाले?” त्यांनी पलीकडून विचारलं. काय, हे विचारलंच नाही.

“बाबाले.”

गावात साप चावलेल्या माणसाला आधी नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या देवळात न्यायची रीत होती. तिथे एक भगत निंबाचा पाला घेऊन बसायचा. काका लांबच्या पुलावरून वळसा घेऊन फटफटीवर वाडीत आले, पण त्यांनी बाबांना देवळात नेलं नाही. देवळाच्या रस्त्याला चिखल होता आणि फटफटी रुतली असती, म्हणून थेट अमरावतीला दवाखान्यात नेलं. बाबा मध्ये, मागून त्यांना धरायला एक गडी. सुधारणा आमच्या भागात आली ती अशा कारणांनी आली. दवाखान्यात बाबा बरेच दिवस होते. पाय सुजून काळानिळा पडला, मग हळूहळू उतरला. माय रोज डबा घेऊन जायची आणि त्यात वरण असायचं, सगळं गोड्या पाण्याचं.

बाबा घरी आल्यावर सर चौथ्यांदा आले. बाबा बाजेवर पाय लांब करून पडले होते. सरांनी बसायच्या आधीच विषय काढला. ते म्हणाले, “मुलीनं तुमचा जीव वाचवला. निदान आता तरी तिला पाठवा.”

“जीव आत्मारामनं वाचवला,” बाबा म्हणाले. “पेट्रोल त्याचं.” मग म्हणाले, “पाठोतो मी तिले. पन त्याच्यासाठी नाई.”

आत मायच्या भांड्यांचा आवाज थांबला. बाबा एवढं सलग बोललेले मी त्याआधी ऐकले नव्हते आणि नंतरही नाही.

“सर, मी तिले कधी पळतानी पाह्यलीच नोती. माह्यापुढं थे चालतच ये. त्या दिवशी मी निंबाखाली पडलो होतो आन् थे पळाली. धुऱ्यावून गेली, काठावर चढली… काय सांगू तुमाले. मले वाटलं, मेलो तं मेलो बाप्पा, हे तं पाहून घेतलं. मंग थे बाभळीच्या वळनाआड गेली आन् दिसनं बंद झालं. तवा मातर मले मराचं भेव वाटलं.”

 मी दाराआड होते, तिथे आत्याने माझं तोंड तिच्या पदरात दाबून धरलं, मी मोठ्याने रडू नये म्हणून. ती स्वतः रडत होती आणि तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.

“अकोल्याच्या मैदानात वळन असते का?” बाबांनी विचारलं.

“गोल मैदान असतं. बसल्या जागेवरून सगळं दिसतं.”

“मंग मी येतो.”

अकोल्याला आम्ही एसटीने गेलो, बाबांचा पाय समोरच्या सीटवर ठेवून. जुन्या शहरात मामाच्या घरी रात्रभर गल्लीत सायकली आणि माणसं चालू होती. मला झोप आली नाही. सकाळी मामीने रिकाम्या पोटी कोणी पळतं का म्हणत मला तर्री-पोहे दोनदा वाढले. त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. मैदानावर बाकीच्या मुलींच्या पायांत बूट होते, माझे पाय उघडे. कोरड्या, सपाट जमिनीवर पळायची मला सवय नव्हती. पाय कशातच रुतत नव्हते आणि मला काही सुचत नव्हतं. उजवा हात छातीशीच राहिला. सगळ्या जणी एका घोळक्यात पळत होत्या आणि मी मध्येच अडकले होते. शेवटच्या चकरेत मी जोर लावला आणि चौथी आले. पुढे जाणार होत्या तिघी. सरांनी पाठीवर हात ठेवला आणि दुसरीकडे पाहिलं.

मी तारेच्या कुंपणापाशी बाबांकडे गेले. ते काठीवर भार देऊन उभे होते. चौथी म्हणजे काय हे मी त्यांना सांगितलं. आता पुढे काही नाही, झालं, हेही सांगितलं.

“झालं?” बाबा म्हणाले. त्यांनी मैदानाकडे पाहिलं. ते मोकळं झालं होतं, मुली बाजूला पाणी पीत होत्या. “गर्दीत तू धड दिसलीच नाई मले. एक चक्कर आनखी मार.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. मी परत आत गेले आणि पळायला लागले, एकटी, पूर्ण मैदानाला. पहिल्या वळणावर शिट्टी वाजली. एक पंच हात हलवत माझ्या बाजूला धावत आला आणि ओरडला की ए मुली, शर्यत संपली, बाहेर हो. कुंपणापाशी बाबांनी काठी वर केली, आणि त्यांचा आवाज, जो घरात कधी दुसऱ्या खोलीत गेला नव्हता, तो मला मैदानाच्या पार पलीकडे ऐकू आला.

“संपू द्या, साहेब. थे आता माह्यासाठी पळून राह्यली.”